बारा वाजताची सावली : चौथीच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण चौथीच्या एका वर्गाचं आहे. वर्गात तीस-पस्तीस मुलं, एक बाई, खिडकीबाहेर मैदान आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर नदीकाठ. शाळेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घेत नाही. शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हा वर्ग मला अधूनमधून जवळून पाहायला मिळाला. विषय साधा होता, सावली. पण मैदानावरचा खेळ, सहल आणि वर्गातला उपक्रम या तिन्ही गोष्टी आपण 'कृतीतून शिक्षण' अशा एकाच गाठोड्यात बांधून टाकतो. त्या किती वेगवेगळी कामं करतात, आणि एकीचं काम दुसरीच्या गळ्यात घातलं की काय होतं, ते इथे स्वच्छ दिसलं.

आधीची स्थिती

आदल्या वर्षी याच मुलांची सहल एका मोठ्या संग्रहालयात गेली होती. परतल्यावर लिहून घेतलेले निबंध बाईंनी जपून ठेवले होते. बसमध्ये खिडकीजवळच्या जागेवरून झालेली भांडणं त्यांत तपशीलवार होती, कोणाला गाडी लागली तेही होतं, आणि संग्रहालय दीड ओळीत आटोपलं होतं : 'तिथे जुन्या वस्तू होत्या. खूप मजा आली.' मुख्याध्यापिकांचं मत होतं की सहल मौजेपुरती ठीक, शिकणं होतं ते वर्गात. पालकांची तक्रार वेगळी होती, मैदानावर वेळ गेला की वही कोरी राहते. बाई दोघांशीही वाद घालत नसत. "तिथे काय बघायचं हेच ठाऊक नसेल तर पोरं लिहिणार तरी काय?" एवढंच म्हणायच्या.

बाईंच्या या म्हणण्याला अभ्यासाचाही आधार आहे. फॉक, मार्टिन आणि बॉलिंग या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवलं होतं की अनोळखी जागी नेलेल्या मुलांचं लक्ष आधी त्या जागेला सरावण्यातच खर्च होतं आणि नेमून दिलेलं शिकणं मागे पडतं. पुढे १९९४ मध्ये ओरियन आणि हॉफस्टाइन यांनी या नवखेपणाचे तीन पदर वेगळे केले : विषय किती नवा, जागा किती नवी, आणि अशा बाहेरच्या दिवसाची मनाला कितपत सवय. तिन्ही एकदम नवे असले की मूल बसची खिडकी पकडून बसतं. त्यात मुलाचा काही दोष नाही.

म्हणून बाईंनी यंदा क्रम उलटा केला. सहलीची जागा ओळखीची, नदीकाठची. विषय मुलांच्या रोजच्या पायाखालचा. आणि सहलीच्या आधी काही आठवडे मैदान आणि वर्ग.

सावलीपकडी

विषय सुचला तो मुलांच्या खेळातून. शाळा भरण्याआधी मैदानावर सावलीपकडी चालायची. ज्याच्यावर राज्य, त्याने दुसऱ्याच्या सावलीवर पाय द्यायचा, पाय पडला की त्याच्यावर राज्य. सकाळी नऊच्या सुमाराला सावल्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट असतात, त्यामुळे खेळ रंगतो. तोच खेळ मधल्या सुट्टीत खेळायला गेलं की भांडणं व्हायची, कारण सावली पायाशी आलेली असते आणि पाय पडला की नाही यावर एकमत होत नाही.

बाजूला उभं राहून हा खेळ थोडा वेळ नीट पाहावा. पटाईत मुलं सूर्याकडे पाठ करून पळतात. असं पळलं की सावली पुढे पडते आणि राज्य असलेल्याला आपल्याला ओलांडून जावं लागतं. सूर्याकडे तोंड करून पळणारा मूर्ख ठरतो, कारण त्याची सावली मागे फरफटत येते आणि लगेच सापडते. कोणी कोंडीत सापडलं की मटकन खाली बसतं, सावली आखडते. एक लहानखुरा मुलगा झाडाच्या सावलीत शिरायचा आणि ओरडायचा, "माझी सावली झाडात गेली! आता पकड!" त्यावर नियम ठरला : झाडात दहा आकडे मोजेपर्यंतच थांबायचं.

म्हणजे प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते, उंची कमी झाली की ती किती होते, हे सगळं या मुलांच्या पायांना कळलेलं होतं. पण वर्गात बाईंनी कोरा कागद देऊन 'सूर्य, तू आणि तुझी सावली' असं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच मुलांनी सावली सूर्याच्याच बाजूला काढली. काहींनी तिला डोळे-नाकही दिलं. झाडात लपणाऱ्या त्या पटाईताने तर सावली हवेत, स्वतःशेजारी उभी केली, हात धरल्यासारखी. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मुलांना सावलीबद्दल प्रश्न विचारले होते. लहान मुलांना सावली ही वस्तूतून बाहेर पडणारी एखादी चीज वाटते, प्रकाश अडल्यामुळे राहिलेली ती उणीव आहे हे बरंच उशिरा उमगतं, असं त्याला आढळलं. 'माझी सावली झाडात गेली' हे वाक्य त्याच जातीचं आहे.

इथे एक आडवळण आलं. खेळात इतकं दडलेलं पाहून बाईंनी एक तक्ता केला. सावलीपकडी खेळताना वेळ लिहायची, किती जण पकडले ते लिहायचं, सावली 'लांब / मध्यम / आखूड' यावर खूण करायची. दोन-तीन दिवस मुलांनी इमानेइतबारे तक्ते भरले. मग सावलीपकडी बंद झाली. कोणी ठरवून केली नाही, नुसती थांबली. मैदानावर लंगडी सुरू झाली. बाईंनी तक्ते गुपचूप कपाटात टाकले, चकार शब्द काढला नाही, आणि काही दिवसांनी खेळ आपोआप परतला. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. खेळातून मूल शिकतं, ते तो खेळ त्याच्या मालकीचा असतो तोवर. मोठ्यांनी त्यात वही घुसवली की तो अभ्यास होतो, आणि अभ्यास म्हणूनही फारसा चांगला नसतो. मोजमाप करायचंच असेल तर त्यासाठी वेगळी वस्तू घ्यावी. बाईंनी काठी घेतली.

काठी, पट्ट्या आणि एक शून्य

एक मीटर लांबीची सरळ काठी. मैदान खणायला नको म्हणून ती वाळूने भरलेल्या बादलीत रोवायची आणि काठीचं टोक वाळूच्या पृष्ठभागापासून नव्हे तर जमिनीपासून बरोबर एक मीटरवर येईल असं बघायचं. बादलीची जागा फरशीवर खडूने आखून ठेवलेली. चार-चार मुलांचे गट. एक ओळंबा धरतो, एक सावलीच्या टोकाला खडूची खूण करतो, एक मोजतो, एक लिहितो. कामं फिरती. दर तासाला एक गट पाच मिनिटं बाहेर जाऊन येणार, बाकी वर्ग चालू. नेमका हाच भाग मुख्याध्यापिकांच्या गळी उतरवायला सर्वांत अवघड गेला, आणि प्रत्यक्षात त्याचाच सर्वांत कमी त्रास झाला.

मोजताना मुलांनी सावलीइतकी कागदाची पट्टी कापायची, तिच्यावर वेळ लिहायची आणि वर्गातल्या भिंतीवर ओळीने चिकटवायची. स्तंभालेख हा शब्द न उच्चारता भिंतीवर स्तंभालेख उभा राहतो. नोव्हेंबरच्या अखेरच्या त्या दिवशी पट्ट्या साधारण अशा आल्या : ९ वाजता १९६ सेंमी, १० ला १२९, ११ ला ९६, १२ ला ८२, १ वाजता ८४, २ ला १०३, ३ ला १४३. हे आकडे त्या जागेचे आणि त्या दिवसांचे. विषुववृत्तापासून आणखी दूरच्या शाळेत त्याच दिवशी वेगळे येतील, आणि दक्षिण गोलार्धात ऋतूच उलटा असेल.

बारा वाजताची पट्टी मात्र सहजासहजी भिंतीवर चढली नाही. त्या तासाच्या गटात वर्गातली एक हुशार मुलगी लिहिणारी होती. गट बाहेर जायच्या आधीच तिने नोंदीत '०' लिहून टाकलं. बाहेर गेलेल्या तिघांनी ८२ आणलं. तिने ते घेतलंच नाही.

"पुस्तकात आहे. बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो. डोक्यावर आला तर सावली पायाखाली जाणार."

"अगं, पण आम्ही मोजली ना!"

"मग काठी वाकडी असेल."

इथे दहापैकी नऊ शिक्षक खुलासा करून मोकळे होतील. बाईंनी भिंतीवर ८२ची पट्टी लावली, तिच्या शेजारी '०' लिहिलेली एक चिठ्ठी लावली आणि ओळंबा त्या मुलीच्या हातात दिला. काठी खरोखरच थोडी कललेली निघाली! सरळ केल्यावर दुसऱ्या दिवशी बाराची सावली दोन-तीन सेंटिमीटरने हलली. पण शून्य काही झाली नाही. त्यानंतर दर तासाला मोजण्याआधी ओळंबा लावायचा हा नियम त्याच मुलीने केला आणि सगळ्यांकडून पाळूनही घेतला. पुस्तकावर इतका विश्वास असलेलं मूल मोजमापाचं सर्वांत कडक राखणदार होऊ शकतं, हे मला तरी नवीन होतं.

"मग पुस्तक चूक का?" असा प्रश्न आलाच. बाई म्हणाल्या, "कुठे बरोबर आणि कुठे चूक ते शोधू." सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो फक्त विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेतेवीस अंशांपर्यंतच्या पट्ट्यात, तोही वर्षातून दोनच दिवस, आणि पट्ट्याच्या अगदी कडेवर एकच दिवस. त्याच्या पलीकडे तो कधीच डोक्यावर येत नाही. हे बाईंनी तेव्हा सांगितलं नाही. टॉर्च आणि चेंडू घेऊन बसेपर्यंत राखून ठेवलं.

अकरा आणि एक

चिठ्ठीवरचं शून्य मिटल्यावर विषय संपला असं वाटत होतं. पण पट्ट्या भिंतीवर आठवडाभर होत्या आणि मुलं येता-जाता त्यांच्याकडे बघत होती. एरवी वर्गात फारसं न बोलणाऱ्या एका मुलाने विचारलं, "बाई, बारा जर मधोमध असेल, तर अकराची आणि एकची पट्टी सारखी नको का?"

अकराची ९६, एकची ८४. बारा सेंटिमीटरचा फरक. इतका फरक खडूच्या जाडीने पडत नाही.

बाराच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की सर्वांत आखूड सावली नेमकी केव्हा झाली ते लांबीवरून ओळखणं जवळपास अशक्य असतं. त्यात सावलीचं टोक पुसट. सूर्य आकाशात एखाद्या बिंदूएवढा दिसत नाही, त्याची चकती अर्ध्या अंशाची असते, म्हणून मीटरभर काठीच्या सावलीची कड सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर धूसर राहते. यावरचा जुना उपाय शुल्बसूत्रांच्या, म्हणजे यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांच्या, काळापासून ठाऊक आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे उभी खुंटी, रोवून, त्याच्याभोवती दोरीने वर्तुळ आखून, शंकूच्या सावलीचं टोक त्या वर्तुळाला जिथे जिथे टेकतं तिथे खुणा करून पूर्व-पश्चिम दिशा काढायला सांगितलं आहे. बाईंनी हेच केलं, फक्त दोरी काठीएवढीच, एक मीटरची घेतली. दोरीने वर्तुळ काढण्यात मुलं तरबेज होती, खेळात रोजच काढत होती.

सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या बाहेर होतं. १० वाजून ५० मिनिटांनी ते आत शिरलं. दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी बाहेर पडलं. या दोन वेळांचा मध्य काढायचा कसा? चौथीला तास-मिनिटांची सरासरी जड जाते. बाईंनी वेळेची एक लांब पट्टी करायला लावली, दहा मिनिटांना एक सेंटिमीटर. तिच्यावर दोन्ही खुणा करायच्या आणि खुणेवर खूण येईल अशी पट्टी दुमडायची. घडी पडली १२ वाजून २० मिनिटांच्या किंचित पुढे. वर्गात एकच गलका.

आणि जमिनीवरच्या त्या दोन खुणांना जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम निघाली. तिच्या मध्यापासून काठीकडे ओढलेली रेघ उत्तर-दक्षिण. होकायंत्र ठेवून पडताळून पाहिलं, जवळपास जुळलं. (चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत थोडा फरक असतो, त्यामुळे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नये.) घड्याळ आणि सूर्य यांत वीस-बावीस मिनिटांचा फरक का, याचं उत्तर बाईंनी अर्धंच दिलं : पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. एका मोठ्या प्रदेशाने सोयीसाठी एकच घड्याळ वापरायचं ठरवलं, तर पश्चिमेकडच्या गावात सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी यायला उशीर होणारच. उरलेलं अर्धं पुढे मुलांनीच उकरून काढलं.

नदीकाठ

सहल डिसेंबरच्या सुरुवातीला निघाली. जाण्याआधी वर्गात रस्ता आखून झाला, कुठे थांबायचं, कधी खायचं, स्वच्छतागृह कुठे, नदीच्या पाण्यापासून किती अंतरावर दोरी बांधलेली असेल, हे सगळं सांगून झालं. हे रुक्ष वाटतं, पण नवखेपणाची बाजू यानेच हलकी होते. सोबत नेलेला प्रश्न एकच होता : झाडावर न चढता झाडाची उंची कशी काढायची?

युक्ती मुलांनी वर्तुळावरूनच शोधली होती. काठी एक मीटर, दोरी एक मीटर. सावलीचं टोक वर्तुळावर आलं त्या क्षणी सावली काठीएवढी होती. तर माझी सावली माझ्याएवढी होईल तेव्हा झाडाची सावली झाडाएवढी होणार. गुणोत्तर हा शब्दही लागत नाही. एका मुलीला 'घड्याळ' नेमलं. ती मोकळ्यात ताठ उभी, तिच्या उंचीएवढी दोरी जमिनीवर ताणलेली, आणि बाकीचे गट आपापल्या झाडांपाशी खुंट्या घेऊन तयार.

पण वेळ काही येईना. मुलं १०:५०च्या हिशेबाने सज्ज होती. अकरा वाजले तरी सावली दोरीपेक्षा लांबच. अकराच्या पुढे काही मिनिटं गेली आणि मग 'घड्याळा'ने आरोळी ठोकली, "आत्ता!" सगळे पळाले, खुंट्या ठोकल्या. घाईला कारण होतं. दहा-बारा मीटर उंचीच्या झाडाची सावली त्या वेळी पाच मिनिटांत वीस सेंटिमीटरच्या आसपास आखडते.

सरळसोट वाढलेल्या एका उंच झाडाची उंची तीन गटांना ११.६, ११.९ आणि १२.१ मीटर अशी आली, म्हणजे चांगलीच. शेजारच्या डेरेदार झाडाने मात्र सगळ्यांना फसवलं. एका गटाला ८ मीटर, दुसऱ्याला ११. पहिल्या गटाने सावली बुंध्यापासून मोजलीच नव्हती. डेऱ्याखाली सगळीकडेच सावली असल्यामुळे, उन्हाची कड जिथे सुरू होते तिथपासून त्यांनी दोरी धरली होती. दुसऱ्या गटाने बुंध्यापासून मोजलं, पण त्यांचं उत्तर खऱ्यापेक्षा थोडं जास्तच असणार, कारण पसरट झाडाच्या सावलीचं टोक शेंड्याचं नसतं, कडेच्या फांद्यांचं असतं. ही बारीक गोष्ट बाईंच्याही नंतर लक्षात आली. आणि तिसरा एक गट उतारावर होता. त्यांची सावली नदीकडे उतरत गेली, उंची आली १५ मीटर. "आमचं झाड सगळ्यांत मोठं!" म्हणून ते खूश होते. बाकीच्यांनी नुसतं झाडाकडे बोट दाखवलं.

या उतारावरच्या गटाला बाईंनी चूक सांगितली नाही. वर्गात परतल्यावर पुठ्ठा तिरपा धरून त्यावर पेन्सिल उभी केली, टॉर्च स्थिर ठेवला आणि पुठ्ठ्याचा उतार वाढवत नेला. सावली लांबत गेली. गटाने आपणहून १५ खोडले. हे नदीकाठी झालं नसतं. तिथे वारा होता, पाणी होतं, खेकडा दिसला होता, आणि खेकडा दिसल्यावर उताराबद्दल बोलायला कोणाला सवड असते? सहलीने हातात गोंधळाचे आकडे दिले, एवढं तिने पुरेसं केलं. ते आकडे शेजारी-शेजारी मांडून त्यांच्यावर भांडण करायला चार भिंती आणि एक फळा लागतो. सहलीच्या जागीच 'आता आपण काय शिकलो' म्हणून मुलांना गोल करून बसवणारे शिक्षक पाहिले आहेत. त्या गोलात निम्मी मुलं मागे वळून बघत असतात.

अंधारी खोली

टॉर्च आणि चेंडूचा प्रयोग सगळेच करतात, त्यामुळे थोडक्यात. चेंडूवर मातीच्या गोळीत काडी उभी करायची, खोली अंधारी करायची, आणि चेंडू फिरवायचा. इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, शिक्षक चेंडूऐवजी टॉर्च फिरवतात आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरतो हीच समजूत पक्की करून देतात. दुसरं, टॉर्च फार जवळ धरला जातो. मग किरण फाकतात, आणि दिवा लांब-जवळ केला तरी सावली बदलते. 'सकाळी सूर्य लांब असतो म्हणून सावली लांब' असं एका मुलाने याच प्रयोगावरून ठामपणे सांगितलं होतं. बाईंनी टॉर्च खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. काडी चेंडूच्या मध्यपट्ट्यात असेल तर सावली नाहीशी होऊ शकते, वरच्या बाजूला नेली की चेंडू कितीही फिरवा, होत नाही. पुस्तकातलं 'डोक्यावर' कुठे बरोबर आहे ते अशा रीतीने दिसलं. शून्य लिहिणाऱ्या मुलीने काडी मध्यपट्ट्यात रोवून तिची सावली गायब करून दाखवली आणि म्हणाली, "बघा, माझं शून्य इथे आहे."

फेब्रुवारी

नदीकाठी वेळ पुढे का गेली हा प्रश्न काही मुलांच्या डोक्यात राहिला होता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्यांनी पुन्हा बादली काढायला लावली. खडूच्या जुन्या खुणा पुसल्या होत्या, पण पट्ट्या होत्या. नोव्हेंबरात सर्वांत आखूड सावली ८१-८२ सेंटिमीटरची होती, आता ती ५७वर आली होती. सूर्य चढत चालला होता, हे अपेक्षित होतं. सावलीचं टोक वर्तुळात शिरलं १०:३०ला, बाहेर पडलं ३ वाजून ५ मिनिटांच्या सुमाराला. वेळेची पट्टी दुमडली आणि घडी पडली १२:४८च्या जवळ. नोव्हेंबरात १२:२२. गाव तेच, बादली तीच.

सव्वीस मिनिटं कुठून आली? पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट थोडी लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. या दोन्हींमुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ रोज बरोबर चोवीस तासांचा नसतो, काही सेकंद इकडे-तिकडे होतात आणि आठवडे गेले की ते साठतात. घड्याळ सरासरी धरून चालतं. सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटं मागे. बाईंनी हे चौथीला समजावण्याचा खटाटोप केला नाही. "घड्याळ रोज सारखं चालतं, सूर्य थोडा पुढे-मागे होतो. का, ते तुम्हाला मोठ्या वर्गात कळेल," एवढंच सांगितलं. दोन्ही दुमडलेल्या पट्ट्या पाकिटात घालून त्यांनी पाचवीच्या सरांकडे दिल्या.

काय साधलं, काय नाही

मार्चच्या तोंडावर पुन्हा तेच चित्र काढून घेतलं. सावली आता बहुतेकांनी सूर्याच्या विरुद्ध बाजूला, पायाला जोडून, जमिनीवर आडवी काढली. डोळे-नाक गेले. 'सावली कशी होते' याचं लेखी उत्तर मात्र चित्राच्या मानाने बरंच मागे होतं. 'प्रकाश अडतो' असं लिहिणारी मुलं वाढली, तरी 'सूर्य सावली पाडतो' यावर थांबणारीही पुष्कळ होती. सूर्य फिरतो की पृथ्वी, यावर तर चाचणीत एक आणि गप्पांमध्ये दुसरंच उत्तर देणारी मुलं होती. मला यात चिंतेचं काही दिसत नाही. मोजणं, पुन्हा मोजून पाहणं आणि दोन गटांचे आकडे का जुळले नाहीत हे शोधणं या मुलांना जमू लागलं होतं. ते या वयात खगोलाच्या व्याख्येपेक्षा जास्त कामाचं आहे.

पालकांच्या वहीच्या तक्रारीला उत्तर भिंतीवरच्या पट्ट्यांनी दिलं. मुलांनी त्यांची छोटी नक्कल वहीत उतरवून घेतली होती. सगळे पालक राजी झाले असं मात्र नाही. शाळा सुटायच्या वेळेला एकांनी विचारलं, सावली मोजून परीक्षेत किती गुण मिळतात. बाईंनी परीक्षेतले लांबी, वेळ, दिशा आणि आलेख हे चार घटक बोटांवर मोजून दाखवले. त्यांचं समाधान झालं की नाही ते कळलं नाही.

ढगाळ दिवसांनी दोनदा बेत हाणून पाडला. गैरहजर मुलांना मधलेच धागे सापडेनात. त्यांच्यासाठी गटातल्या एकाने पट्ट्या दाखवून गोष्ट सांगायची अशी सोय झाली, पण ती अर्धवटच चालली. काम फिरतं असूनही काही गटांत मोजणारा एकच राहिला, कारण बाकीचे त्याच्यावर सोडून देत.

पुढच्या वर्षीचं वेळापत्रक करताना मुख्याध्यापिकांनी दर महिन्याला एक दिवस वर्तुळासाठी राखून दिला आणि सहलीला एक अट घातली : कोणत्याही इयत्तेने आधी प्रश्न लिहून द्यायचा, मग तारीख मागायची. बाईंनी ती मान्य केली आणि आपलीही एक अट सांगितली : शाळा भरण्याआधी आणि मधल्या सुट्टीत मैदानावर जे चालतं त्यावर कोणताही तक्ता, नोंदवही किंवा गुण लावायचे नाहीत. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी दोन्ही अटी एकाच कागदावर लिहिल्या गेल्या.